कोकणातली दीपगृहं: मुंबई ते आग्वाद, गाडीने करायची एक सफर आणि दिव्यांची भाषा

एखाद्या थोर माणसाबद्दल लिहिताना ‘ते समाजाचे दीपस्तंभ होते’ असं आपण सहज लिहून जातो. वाट दाखवणारा, असा त्याचा अर्थ घेतला जातो. समुद्रावरचा खरा दीपस्तंभ मात्र जहाजाला ‘इकडे ये’ असं क्वचितच सांगतो. बहुतेक वेळा तो सांगतो, ‘मी इथे आहे, माझ्या पायाशी खडक आहे, लांबून जा.’

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर असे अनेक दिवे आहेत. काही किल्ल्यात आहेत, काही समुद्रातल्या खडकावर, काही मंदिराच्या शेजारी. कोकणात फिरायला जाणारे लाखो लोक त्यांच्याजवळून जातात, एखादा फोटो काढतात आणि पुढे निघतात. हे दिवे काय सांगतात, ते तिथेच का बांधले आणि मोबाईलवर नकाशा असण्याच्या काळात ते अजून का जळतात, हे समजलं तर कोकणची तीच सफर वेगळी होते.

आधी नावाचा घोळ

मराठीत याला दीपगृह आणि दीपस्तंभ असे दोन्ही शब्द आहेत. किनाऱ्यावरच्या गावांत सरळ ‘लाईट हाऊस’ किंवा ‘बत्ती’ म्हणतात. देवळासमोर असते ती दीपमाळ, तिचा जहाजांशी संबंध नाही.

भारतातली मोठी दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालयाकडे आहेत. हे खातं बंदरे, जहाजबांधणी आणि जलमार्ग मंत्रालयाखाली येतं. पूर्वी त्याचा कारभार १९२७ च्या दीपगृह कायद्याने चालायचा. त्या कायद्याची आठवण म्हणून २१ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी राष्ट्रीय दीपगृह दिन म्हणून पाळतात. २०२१ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात दिव्यांसोबत रडार, रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक साधनांचाही विचार केला आहे.

याशिवाय बंदरात शिरण्यासाठीचे छोटे स्थानिक दिवे वेगळे असतात. त्यांची जबाबदारी त्या त्या बंदराकडे असते. त्यामुळे किनाऱ्यावर दिसणारा प्रत्येक मनोरा एकाच खात्याचा नसतो.

दिवा ओळखायचा कसा?

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. जहाजाच्या डाव्या हाताला दूरवर एक दिवा लुकलुकतोय. तो जयगडचा की रत्नागिरीचा? दोन्हीकडे पांढरा प्रकाश. चुकलं तर जहाज भलत्याच ठिकाणी वळणार.

म्हणून प्रत्येक दीपगृहाला स्वतःची लय दिलेली असते. तिला त्या दिव्याचं लक्षण म्हणतात. शेजारशेजारच्या दोन दीपगृहांची लक्षणं एकसारखी ठेवत नाहीत. मुख्य प्रकार असे:

- स्थिर दिवा: सतत जळणारा. गावातल्या दिव्यांत हरवतो म्हणून मोठ्या दीपगृहांना आता सहसा वापरत नाहीत.
- झळकणारा दिवा: अंधार जास्त वेळ, उजेड कमी वेळ. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.
- गट-झळक: दोन किंवा तीन झळका पाठोपाठ, मग मोठा अंधार, मग पुन्हा तेच.
- मिटणारा दिवा: उजेड जास्त वेळ, मध्येच थोडा अंधार.
- समकाल दिवा: उजेड आणि अंधार सारख्याच वेळाचे.

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. रात्री किनाऱ्यावर उभं राहायचं, मोबाईलचं स्टॉपवॉच लावायचं आणि झळका मोजायच्या. गटातल्या पहिल्या झळकेपासून पुढच्या गटाच्या पहिल्या झळकेपर्यंत जो वेळ लागतो, तो त्या दिव्याचा आवर्तनकाळ. तीन झळका आणि पंधरा सेकंद असं काही उत्तर आलं, की तीच त्या दिव्याची ओळख. खलाशी नेमकं हेच करतो. मग तो दिव्यांच्या यादीत ती ओळख शोधतो. भारताची अशी अधिकृत यादी नौदलाचं देहरादून इथलं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करतं.

काही ठिकाणी रंगही बोलतात. एकाच दिव्याच्या काचेचा ठरावीक भाग लाल केलेला असतो. जहाजाला पांढऱ्याऐवजी लाल प्रकाश दिसू लागला, तर ते खडकाच्या दिशेला सरकलं असा अर्थ निघतो.

दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा मनोऱ्याचा रंग उपयोगी पडतो. काळे-पांढरे किंवा लाल-पांढरे पट्टे शोभेसाठी नसतात. मागे हिरवा डोंगर किंवा भुरकट आकाश असताना मनोरा उठून दिसावा आणि शेजारच्या मनोऱ्यापेक्षा वेगळा ओळखू यावा, म्हणून ते रंगवलेले असतात.

किल्ला आणि दीपगृह शेजारी का?

कोकणात फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिथे किल्ला, तिथे दीपगृह. खांदेरी, कोर्लई, हर्णैचा कनकदुर्ग, अंजनवेलचा गोपाळगड, रत्नदुर्ग, देवगड, आग्वाद. हा योगायोग नाही.

पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रावर दूरची वस्तू क्षितिजाखाली जाते. दिवा कितीही प्रखर असला तरी तो क्षितिजाच्या वर असेल तरच दिसतो. याचं साधं सूत्र आहे: समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण २.०८ ने गुणायचं. उत्तर सागरी मैलांत मिळतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

२५ मीटर उंचीवरचा दिवा समुद्राच्या पातळीवरून सुमारे १०.४ सागरी मैलांवरून दिसेल, म्हणजे साधारण १९ किलोमीटर. १०० मीटर उंचीवर तोच दिवा नेला, तर २०.८ सागरी मैल, म्हणजे साधारण ३८ किलोमीटर. उंची चौपट केली तेव्हा अंतर दुप्पट झालं. बघणारा माणूस जहाजाच्या उंच डेकवर असेल तर त्याच्या उंचीचं अंतर वेगळं काढून त्यात मिळवायचं.

आता शंभर मीटरचा मनोरा बांधायचा की समुद्रात घुसलेल्या उंच टेकडीवर छोटा मनोरा उभारायचा? कोकणात अशा टेकड्या जागोजागी आहेत, आणि त्या बहुतेक खाडीच्या मुखाशी आहेत. किल्लेदारालाही तेच हवं होतं: लांबचं गलबत आधी दिसावं आणि खाडीत शिरणाऱ्यावर नजर राहावी. किल्लेदाराला ज्या जागेवरून जहाज दिसायचं, त्याच जागेवरचा दिवा जहाजाला दिसतो. म्हणून एकाच टेकडीवर आधी तोफ आली आणि नंतर दिवा.

भिंगाची गोष्ट

साधा दिवा चारी बाजूंना प्रकाश फेकतो. त्यातला बराचसा आकाशात आणि जमिनीवर वाया जातो. हा प्रकाश गोळा करून क्षितिजाच्या दिशेने पाठवायला मोठं भिंग लागतं, पण तेवढं भिंग एकसंध काचेचं केलं तर ते प्रचंड जाड आणि जड होतं.

ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर तोड काढली. जाड भिंगाची आतली काच काढून टाकायची आणि फक्त वक्र पृष्ठभाग कड्यांच्या रूपात ठेवायचा. मधल्या भिंगाभोवती काचेच्या लोलकांची वर्तुळं रचायची. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्डुआन दीपगृहात असं भिंग बसवलं गेलं आणि पुढे जगभर ते पसरलं. सर्वांत मोठ्या दर्जाचं फ्रेनेल भिंग माणसापेक्षा उंच असतं. हेच तत्त्व पुढे मोटारीच्या हेडलाईटमध्ये आणि शाळा-कॉलेजातल्या जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्येही वापरलं गेलं.

दिवा लुकलुकतो म्हणजे तो चालू-बंद होतो, असं वाटतं. जुन्या दीपगृहांत दिवा सतत जळत असे आणि त्याच्याभोवती भिंग फिरत असे. भिंगातून निघालेला झोत तुमच्यावरून गेला की एक झळक दिसायची. काही टनांचं हे भिंग अलगद फिरावं म्हणून अनेक ठिकाणी ते पाऱ्याने भरलेल्या कुंडावर तरंगत ठेवत. फिरवण्यासाठी घड्याळासारखं यंत्र असे. त्याचं वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली यायचं आणि राखणदाराला ते ठरावीक वेळाने चावी देऊन वर घ्यावं लागायचं. रात्री झोप लागली आणि वजन तळाला टेकलं, तर भिंग थांबायचं. थांबलेलं भिंग म्हणजे बदललेली लय, आणि बदललेली लय म्हणजे समुद्रातल्या माणसाला मिळालेली चुकीची माहिती. या नोकरीत डुलकी लागणं म्हणूनच गंभीर मानलं जायचं.

तेलाच्या वातीनंतर रॉकेलच्या वाफेवरचे दिवे आले, मग वीज आली आणि आता एलईडी व सौर पॅनेल आहेत. बिनमाणसांच्या दिव्यांसाठी सूर्यप्रकाशावर आपोआप उघडणारी-मिटणारी झडप शोधणाऱ्या स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

सफर: उत्तरेकडून दक्षिणेकडे

ही सफर मुंबईहून सुरू करायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची. २०२० मध्ये सुरू झालेल्या या बोटीतून गाडीसकट समुद्र ओलांडता येतो. पुढे बहुतेक वाट रेवस ते रेडी या सागरी महामार्गाची आहे. खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलेलं आहे. ते पुरं होईपर्यंत अनेक ठिकाणी गाडी फेरीबोटीत, म्हणजे कोकणातल्या भाषेत जंगलजेटीत, चढवावी लागते. दीपगृहं बघायला निघालेल्याला यात फायदाच आहे, कारण फेरीबोटीतून खाडीचं मुख आणि त्यावरची टेकडी समुद्राच्या बाजूने दिसते.

*मुंबई आणि खांदेरी.* मुंबईच्या दक्षिण टोकाच्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह आहे. १८७५ मध्ये थॉमस ऑर्मिस्टन यांनी ते बांधलं. ते लांबूनच बघायचं. अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही विरोधात उतरले होते. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने बेट टिकवलं. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं. बेटाचं अधिकृत नाव आता कान्होजी आंग्रे द्वीप आहे आणि ते मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. दगडाने ठोकल्यावर धातूसारखा आवाज करणारा खडक आणि कोळी समाजाचं श्रद्धास्थान असलेलं वेताळाचं देऊळ, या दोन गोष्टीही इथे आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश आहे. या मार्गावरचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही त्याच यादीत आहेत.

*कोर्लई.* रेवदंड्याचा पूल ओलांडला की कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेली एक चिंचोळी टेकडी दिसते. वर पोर्तुगीजांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी दीपगृह. किल्ल्यावर जाणारी एक वाट दीपगृहाच्या बाजूनेच चढते. खाली कोर्लई गावात ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली अजून बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात. पोर्तुगीज सत्ता गेल्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी ही बोली टिकून आहे.

*हर्णै.* मुरूडवरून आगरदांडा-दिघी आणि पुढे बागमांडला-वेसवी अशा दोन फेऱ्या करून रत्नागिरी जिल्ह्यात शिरता येतं. हर्णैच्या बंदरात कनकदुर्गाच्या छोट्या टेकडीवर दीपगृह आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. संध्याकाळी इथे मासळीचा लिलाव चालतो. दीपगृह कोणासाठी असतं याचं उत्तर लिलावाला येऊन लागलेल्या होड्या बघितल्या की मिळतं.

*अंजनवेल.* दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडली की गोपाळगड आणि टाळकेश्वराचं देऊळ लागतं. देवळाच्या शेजारीच दीपगृह. वरून खाडीचं मुख, मोकळा समुद्र आणि वीजप्रकल्पाच्या बाजूची जेटी एकाच नजरेत येते. द्रवरूप नैसर्गिक वायू आणणारी अवाढव्य जहाजं या भागात येतात. म्हणजे इथला दिवा एकाच रात्री चार माणसांच्या होडीलाही लागतो आणि शेकडो फूट लांबीच्या जहाजालाही.

*जयगड.* गुहागर, हेदवी करत तवसाळला यायचं आणि फेरीने शास्त्रीची खाडी ओलांडायची. जयगडचा मनोरा ओतीव लोखंडाचा आहे. दगडी मनोऱ्यांच्या या किनाऱ्यावर तो लगेच वेगळा वाटतो. ओतीव लोखंडाचे भाग कारखान्यात करून जहाजाने आणायचे आणि जागेवर जोडायचे, ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून जगभर रूढ होती.

*रत्नागिरी.* रत्नदुर्गाला लोक भगवती किल्लाही म्हणतात. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. एका बाजूला भगवतीचं देऊळ, दुसऱ्या बाजूच्या सिद्ध बुरुजाच्या भागात दीपगृह. वरून मिरकरवाड्याचं मासेमारी बंदर आणि मांडवीचा किनारा दिसतो.

*देवगड.* देवगडच्या किल्ल्याच्या आतच दीपगृह आहे. किल्ला आंग्र्यांच्या काळातला. हापूसच्या हंगामात आलेल्यांनी आंब्याच्या पेट्या गाडीत भरण्याआधी इथे तासभर काढावा. खाली नैसर्गिक आडोसा असलेलं बंदर दिसतं आणि वादळात होड्या इथे आसऱ्याला का येतात ते कळतं.

*वेंगुर्ला रॉक्स.* मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा समुद्र पाण्याखालच्या खडकांसाठी प्रसिद्ध आहे. निवतीसमोर समुद्रात उघड्या खडकांचा एक पुंजका आहे आणि त्यावर दीपगृह. हवा चांगली असेल तर निवतीच्या बाजूने स्थानिक होडीतून जवळ जाता येतं. या खडकांमधल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. परदेशांत अशा घरट्यांचं सूप करतात, त्यामुळे त्यांच्या चोरीचे प्रकार इथे घडले आहेत. इथे गुहेत शिरू नये आणि पक्ष्यांना त्रास देऊ नये.

*आग्वाद.* रेडीवरून तेरेखोल ओलांडून गोव्यात आलं की शेवटचा टप्पा. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केला. आग्वाद हे नावच पाण्यावरून आलं आहे, कारण लांबून आलेली जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत. किल्ल्यातलं जुनं दीपगृह १८६४ चं आहे. १९७६ मध्ये जवळच नवं दीपगृह झालं आणि जुन्याला निवृत्ती मिळाली. दोन्ही एकाच फेरीत बघता येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव याच किल्ल्यात भरला होता.

जीपीएस असताना दिवा कशाला?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मोठ्या जहाजावर उपग्रहावरून ठिकाण कळतं, रडार असतं, इलेक्ट्रॉनिक नकाशा असतो. तरीही दिवे चालू आहेत, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं कारण जीपीएसच्या स्वभावात आहे. त्याचा संदेश सुमारे वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. तो दाबून टाकणं किंवा खोटा संदेश पाठवून जहाजाला भलतंच ठिकाण दाखवणं शक्य आहे. काळा समुद्र, लाल समुद्र आणि पर्शियन आखात या भागांत असे प्रकार घडले आहेत. स्क्रीन एक सांगते आणि डोळ्यांसमोरचा दिवा दुसरं, अशा वेळी खलाशाला पडताळणीसाठी दुसरा साक्षीदार लागतो.

दुसरं कारण छोट्या होड्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा मोठ्या संख्येने समुद्रात उतरतात, तेव्हा पाऊस पुरता संपलेला नसतो. लहान होडीवरचं यंत्र भिजलं किंवा मोबाईलची बॅटरी संपली, तर तांडेलाला घराची दिशा सांगायला त्याच्या खाडीच्या मुखाची बत्ती उरते. तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही.

तिसरं कारण असं, की दीपगृहाकडे नवी कामं आली आहेत. काही ठिकाणी जहाजाच्या रडारवर स्वतःची सांकेतिक खूण उमटवणारी यंत्रं बसवली आहेत. जवळून जाणाऱ्या जहाजांची ओळख आपोआप टिपणारी साधनं आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर टेहळणीचं जे जाळं उभं राहिलं, त्यातली रडार अनेक ठिकाणी दीपगृहांवरच बसवलेली आहेत. कारण तेच जुनं: उंच जागा आणि मोकळी नजर.

पैसे कोण देतं?

दिवा सगळ्यांना दिसतो, पैसे दिले नाहीत म्हणून एखाद्या होडीपुरता तो विझवता येत नाही. त्यामुळे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सार्वजनिक वस्तूचं उदाहरण म्हणून दीपगृह हटकून येतं. रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि इंग्लंडमध्ये बंदरात येणाऱ्या जहाजांकडून दिव्यांची पट्टी वसूल होत असे, याकडे लक्ष वेधलं. भारतातही हीच रीत आहे. आपल्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांकडून दीपशुल्क घेतलं जातं आणि त्यातून दिवे चालतात. म्हणजे परदेशी मालवाहू जहाजाने भरलेल्या पैशातून हर्णैच्या मच्छीमारालाही उजेड मिळतो.

दिवा काय करू शकत नाही

कोकणी माणसाला समुद्राची आठवण सांगायला लावली, तर जुन्या पिढीतले लोक ‘रामदास’ बोटीचं नाव घेतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईच्या तोंडाशी, दिव्यांच्या टप्प्यात, दिवसाच्या उजेडात हे घडलं. खडक कुठे आहे हे दीपगृह सांगू शकतं. उसळलेल्या समुद्रात बोट न्यायची की नाही, हे माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरं उदाहरण आग्वादच्याच शेजारचं. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज पावसाळी वादळात कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. दहा वर्षांहून अधिक काळ तो सांगाडा तिथेच होता आणि किनाऱ्याची वाळू सरकत राहिली. दोन दीपगृहं जवळ होती, पण ताब्यात नसलेल्या जहाजाला दिवा दिसून उपयोग नसतो.

निघण्याआधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधा लोकार्पण झाल्या. त्यामुळे गर्दी वाढते आहे. काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- पर्यटकांना आत सोडण्याची वेळ अनेक ठिकाणी दुपारनंतर, सूर्यास्ताच्या आधीची असते. तिकीट किरकोळ असतं. वेळा बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करावी. दिवा लागल्यावर आत प्रवेश मिळत नाही.
- सफरीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात खांदेरी आणि वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला जाण्याचा विचारही करू नये. फेरीबोटीही खराब हवेत बंद राहू शकतात.
- वरचा जिना अरुंद आणि शेवटी बहुधा शिडीसारखा उभा असतो. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खालूनच बघावं.
- भिंगाला हात लावू नये. बोटाचा डागही प्रकाश अडवतो.
- ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. अनेक दीपगृहांवर सुरक्षेची साधनं आहेत.
- कड्याच्या टोकावर सेल्फी नको. जांभा पावसानंतर निसरडा होतो आणि कडा आतून पोखरलेला असू शकतो.

घाई न करता मांडवा ते आग्वाद जायला पाच दिवस लागतात. रोज एक दीपगृह दिवसा आतून बघावं आणि रात्री त्याच गावात मुक्काम करून ते बाहेरून बघावं. दिवसा कळतं ते यंत्र. रात्री किनाऱ्यावर बसून झळका मोजल्या की ती लय ओळखीची होते. पुढच्या गावात वेगळी लय दिसली की गाव बदललं हे पाटी न वाचताही समजतं. खलाशी पिढ्यानपिढ्या हा किनारा असाच वाचत आले आहेत.